आमच्या घरी न आलेली माता

इझाबेल दुपारचा चहा पिऊन निघाली तेव्हा मी गॅलरीत बसून नखं कापत होतो. ऑक्टोबर हा आमचा रोजरीचा, म्हणजे माळेवर म्हणायच्या प्रार्थनेचा महिना. त्या महिन्यात मरियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरी जाते, रात्रभर तिथे राहते. कोणत्या दिवशी कोणाचं घर, हे ठरवायला सप्टेंबरात बोईसरच्या आमच्या देवळात बायकांची बैठक असते. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो. त्या बैठकीलाच ती निघाली होती. चपला चढवता चढवता तिने विचारलं, "यंदा बोलवू काय आपल्याकडं?" मी मान वर केली नाही. म्हटलं, "मी मेल्यावर बोलव." ती "बरं" म्हणाली, छत्री घेतली आणि दार ओढून घेतलं. यात भांडण काही नव्हतं. दर सप्टेंबरात ती हेच विचारायची, मी हेच बोलायचो आणि ती "बरं" म्हणायची. नवरा-बायकोत असे काही ठरून गेलेले सवाल-जवाब असतात... पण शेवटचं बोलणं तेच झालं.

अंधार पडायच्या आधी सुमन आली. सुमन म्हणजे डोंगराकडची आदिवासी बाई, तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते, बेटेगावला भाड्याच्या खोलीत राहते. देवळात इझाबेलच्या शेजारी बसणारी. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, बायला बरं नाय. चला." मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "चला तुमी." मी आत गेलो, गॅस बंद आहे का बघितलं, खिडक्या लावल्या, शर्ट बदलला. शर्ट कशासाठी बदलला हे आजही मला सांगता येणार नाही. सुमन जिन्यात उभी होती, एका शब्दाने घाई केली नाही. रिक्षात ती माझ्याकडे बघत नव्हती, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. दवाखान्याच्या दाराशी लीलाम्मा उभी होती. ही केरळची नर्स, आता रिटायर झालेली, देवळातल्या बायकांची पुढारी. तिने इझाबेलची पिशवी आणि छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मला म्हणाली, "अंकल, पहले बैठिए." म्हातारीच्या पिशवीला कोणी एवढं जपून धरत नाही. मी बसलो. डॉक्टर आले आणि म्हणाले, हृदय बऱ्याच दिवसांपासून थकलेलं असणार, घरी काही जाणवलं नाही का? मी म्हटलं, नाही.

तिला जाऊन आता महिना उलटला आहे. देवळाच्या मासिकाच्या पुरवणीसाठी तिच्याविषयी चार ओळी लिहा, असं मला सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. माझी शाळा चौथीला सुटली. पण दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर "प्रेमळ, मनमिळावू, धार्मिक" असं लिहून मोकळं झालं असतं. ती तशी होतीच, त्यात खोटं काही नाही, पण मग मी कुठे होतो हे त्यात आलं नसतं. ते लिहायला मीच पाहिजे.

आमचं गाव वसईकडचं. केळीची वाडी होती, थोडी फुलझाडं, विहिरीवर पंप. गावच्या देवळात आमच्या घराण्याला मान होता. सणाच्या मिरवणुकीत मूर्तीवर जे छत्र धरतात त्याचा पुढचा उजवा दांडा आमच्या घरच्या माणसाच्या हातात. आधी आजाच्या, मग बापाच्या, मग माझ्या. मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, पुढून दुसऱ्या बाकावर माझी जागा. तिथे कोणी पाहुणा चुकून बसला तर गावातलं कोणीतरी त्याला हळूच उठवायचं. इझाबेल माझ्याशी लग्न होऊन आली तेव्हा तिला या मानाचं फार काही वाटलं नव्हतं. तिच्या माहेरी बाप नारळ पाडायचा, देवळात ते मागे उभे राहायचे. एकदा मी छत्राचा दांडा धरून आलो आणि दमून बसलो तर म्हणाली, "अवो, मातेला एवढं ऊन लागतं व्हय? ती तर उन्हातच राहिलेली बाई." मी रागावलो होतो. ती हसत हसत माझ्यासाठी सरबत करायला गेली.

पुढे वाडी भावांमध्ये वाटली गेली, माझ्या वाट्याच्या तुकड्यावर जगणं होईना. मुलगा अंतोन तारापूरच्या कारखान्यात लागला होता, त्याने बोईसरला फ्लॅट घेतला आणि म्हणाला, "पप्पा, चला." मी पाच-सहा महिने ताणलं. मग आलो. बिल्डिंगमध्ये सगळ्या जातीची माणसं. खाली गुजराती किराणावाला, समोर उत्तर प्रदेशचं कुटुंब, वरच्या मजल्यावर एक तमिळ घर, आणि आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये शालिनीवहिनी, चिंचणीकडच्या, माहेरी चिकूच्या वाड्या असलेल्या. संध्याकाळी मशिदीतली बांग ऐकू यायची, मग कोणाच्या तरी घरची आरती, आणि वारा फिरला की कारखान्यांचा वास. पहिल्या रविवारी मी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत बसलो. कुठे जायचं ते माहीत नव्हतं. अंतोन रात्रपाळी करून झोपला होता. मी म्हटलं, "या गावात आपलं देऊळ नाय वाटतं." इझाबेल म्हणाली, "विचारल्याशिवाय कसं कळंल?" मी म्हटलं, "कोणाला विचारू? रस्त्यावर उभा राहून ओरडू काय?" ती पिशवी घेऊन भाजी आणायला गेली आणि दोन पालकाच्या जुड्या नि देवळाचा पत्ता घेऊन आली. भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या एका बाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस होता. इझाबेलने तिच्या दंडाला हात लावून विचारलं, "बाय, मिस्सा कुठं होते गं?" ती सुमन. म्हणाली, "लांब नाय. मी जाते आता, येता का?" आणि इझाबेल पालकासकट मिस्साला जाऊन आली.

पुढच्या रविवारी मीही गेलो. देऊळ म्हणजे पत्र्याचं लांब सभागृह, वर क्रूस. बाकं थोडी, बाकी सगळी सतरंजी. फादर दक्षिणेकडचे, मिस्सा हिंदीत. गाणी ढोलकीवर, आणि सगळे असे जोरात गात होते की मला माझं मनातलं काही ऐकू येईना. मी पुढच्या बाकावर बसायला गेलो तर तिथे लहान मुलं बसतात म्हणे. म्हाताऱ्यांसाठी बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. बसलो. केरळचे, तमिळ, झारखंडचे वेल्डर, डोंगराकडच्या बायका, दोन-तीन गोव्याची घरं. आमच्या बोलीचं एकही माणूस नाही. मिस्सा संपल्यावर एका पोरसवदा माणसाने सतरंजीचं एक टोक उचललं, दुसरं माझ्या पायाशी होतं, तर मला म्हणाला, "अंकल, जरा पकड़ना." ज्या हाताने छत्राचा दांडा धरला त्या हाताने सतरंजी... मी पकडली नाही. तसाच उभा राहिलो. इझाबेल मधून आली, तिने टोक उचललं आणि दोघांनी मिळून घडी केली. घरी येताना मी म्हटलं, "मला हिंदीत देवाशी बोलता येत नाय. मी येणार नाय." तिने विचारलं, "सतरंजीचं मनाला लागलं काय?" मी म्हटलं, "भाषेचं." तेव्हापासून मी जगाला भाषेचंच सांगत आलो. नाताळला आणि ईस्टरला अंतोन मला मोटारसायकलवर बसवून गावी नेऊन आणायचा. बाकीचे रविवार मी घरी.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. गावी आम्ही दोघं रोज दिवेलागणीला रोजरी करायचो, मराठीत. अर्धी प्रार्थना मी, अर्धी ती. बोईसरला आल्यावर ती देवळातल्या बायकांबरोबर जाऊ लागली आणि मी म्हटलं, तुला ती माणसं पुरेशी आहेत, तर माझी रोजरी मी एकटा करीन. दोन्ही अर्धे मीच म्हणू लागलो. ती आपली मनातल्या मनात करायची, स्वयंपाकघरात, ओठ हलवत. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिची प्रार्थना ऐकलेली नाही.

पहिल्या ऑक्टोबरात ती आनंदाने घरी आली. म्हणाली, "आपल्याकडं पण माता येणार. लीलाम्मा विचारतेय, कोणता दिवस देऊ." शोकेसच्या बाजूची तिवई तिने पुसायलासुद्धा घेतली होती. मी म्हटलं, "रोजरी कोणत्या भाषेत होणार?" ती म्हणाली, "ज्याची त्याची. हिंदी, मल्याळम, जमेल तशी." मी म्हटलं, "माझ्या घरात आजापणजापासून मराठीत झाली. माझ्या घरात मल्याळम होणार नाय." तिने फडकं खाली ठेवलं. म्हणाली, "मातेला काय रेशनकार्ड दाखवायचं हाय, हिचं गाव कोणतं नि भाषा कोणती?" मी आवाज वाढवला. अंतोन मधे पडायला गेला तर त्यालाही गप्प केलं. मी तिला असंही म्हटलं की ती डोंगरावरची माणसं आपल्या घरात येऊन बसतील नि मग रोज येतील. हे मी म्हटलं. तिने फडकं उचलून आत नेलं. त्या दिवसापासून तिने वर्षातून एकदाच विचारायचं, सप्टेंबरात, असं ठरवून घेतलं असावं.

पण तिने देऊळ सोडलं नाही. ती तिथली झाली. रोजरी झाल्यावर उकडलेले चणे वाटायची आमची रीत, खोबऱ्याचे तुकडे आणि मिरची घालून. बोईसरमध्ये कोणाला ठाऊक नव्हती. कोणी बिस्किटं ठेवायचं, कोणी केळ्याचे वेफर्स. इझाबेलने एकदा चणे नेले आणि मग दर ऑक्टोबरात मोठं पातेलं भरून रोज चणे. कोणाच्याही घरी माता असली तरी चणे आमच्याकडून. आदल्या रात्री भिजत घातलेल्या चण्यांचा वास घरभर, आणि मी म्हणायचो, "आता हॉटेल उघड." चणे आमच्या घरी शिजायचे आणि माता दुसऱ्यांच्या घरी राहायची... हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणायला जी एक वाट लागते ती मला कधी सापडली नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी तिने आणखी एकदा जोर लावला तर बघू. तिने जोर लावला नाही. मला ती सुटका पाहिजे होती, ती तिने मला दिली नाही, असाही राग मी मनात धरून होतो.

लीलाम्मा आणि ती फोनवर हिंदीत बोलायच्या. लीलाम्माचं हिंदी केरळचं, इझाबेलचं वसईचं. "वो क्या हाय ना लीलाम्मा, हमारा आदमी का घुटना दुखता हाय," असं ती बोलायची. एखाद्या हिंदी माणसाला त्यातलं काही समजलं नसतं, पण त्या दोघी तासतासभर बोलत, हसत. माझा गुडघा मात्र दुखत नव्हता. आमच्याकडे माता का येत नाही याला तिने दर वर्षी नवं कारण शोधलेलं असायचं. एका वर्षी माझा गुडघा, एका वर्षी घराला रंग, एका वर्षी अंतोनची बायको बाळंतपणाला गेलेली. नवरा आणू देत नाही, हे तिने एकाही माणसाला सांगितलं नाही. मला हे आत्ता, ती गेल्यावर, लीलाम्माकडून कळलं. लीलाम्मा म्हणाली, "अंकल, आपका घुटना अभी कैसा है?" मी ठीक आहे म्हटलं.

एका ऑक्टोबरात माता आमच्या वरच्या मजल्यावर, त्या तमिळ घरी जायची होती. लिफ्ट बंद, म्हणून सगळी मिरवणूक जिन्याने. गाणं आमच्या मजल्यावर आलं तेव्हा इझाबेल आधीच दार उघडून उंबऱ्यावर उभी होती. मी आत खुर्चीत, टीव्हीवर कबड्डी लावलेली. लीलाम्माच्या हातात मूर्ती होती, काचेच्या पेटीतली, वीतभर. ती आमच्या दाराशी थांबली आणि पेटी थोडी खाली केली. इझाबेलने काचेला हात लावून तो ओठांना लावला. शेजारच्या शालिनीवहिनी निरांजन घेऊन बाहेर आल्या, मातेला ओवाळलं, वाकून नमस्कार केला. आमच्या घरात बघत मला म्हणाल्या, "काका, आमचा गणपती दर वर्षी तुमच्या हातचं फूल घेऊन जातो. तुमची माता कधी येणार तुमच्याकडं?" मी म्हटलं, "सामना चालू हाय, वहिनी." त्या हसल्या. इझाबेलही हसली, माझी लाज झाकायला. मग सगळे वर गेले, ती चण्यांचं पातेलं घेऊन त्यांच्या मागून गेली. एवढं जड पातेलं, दुसरा मजला. मी उठलो नाही.

ती गेल्यावर तिला मी गावी नेलं, आमच्या घराण्याच्या कबरीत. अंतोन म्हणत होता, "पप्पा, मम्मीची माणसं इकडं हायत, इकडंच करूया." मी ऐकलं नाही. आमची माणसं आमच्या मातीत जातात. बोईसरची माणसं टेम्पो करून आली. झारखंडचे वेल्डर, लीलाम्मा, सुमन, तिच्या वस्तीतल्या बायका. त्या बायका बिनचपलेच्या आल्या होत्या. गावच्या देवळात त्या मागे, भिंतीला लागून उभ्या राहिल्या, कारण त्यांना बसा म्हणायला कोणी गेलं नाही. माझ्या दुसऱ्या बाकावर मी बसलो होतो. गावात तिला ओळखणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. जी होती ती रडली नाहीत, त्यांना आठवत होतं तेवढं बोलली. मागे भिंतीशी मात्र हुंदके चालू होते. माझ्या चुलतभावाने वळून बघितलं आणि मला हळूच विचारलं, "ही माणसं कोण? तिच्याकडं कामाला होती काय?" मला म्हणता आलं असतं, ही तिची माणसं. तीन शब्द. मी मान खाली घातली, शोकात आहे असं दाखवून. तो शोक होताच, पण त्या क्षणी मी तो पुढे केला. सुमन आमच्या बाकाच्या दोनच पावलं मागे आली होती तोपर्यंत, शवपेटीवर ठेवायला फुलं घेऊन. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. फुलं ठेवून ती परत मागे गेली.

सप्टेंबर संपता संपता लीलाम्मा घरी आली. पहिल्यांदाच. खुर्चीत न बसता उभीच बोलत होती. म्हणाली, ऑक्टोबरचे सगळे दिवस दिले गेलेत, पण शेवटच्या दिवशी माता देवळात परत जायच्या ऐवजी तुमच्याकडे आणू, इझाआंटीसाठी. मी नको म्हटलं. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचा हेका अजून गेला नाही. हेका तर आहेच, तो कुठे जाणार. पण त्या दिवशी तो नव्हता. जी जिवंत असताना दर वर्षी विचारत होती तिला आणू दिली नाही, आणि आता तिच्या फोटोसमोर माता आणून मी मेणबत्ती लावायची, लोकांनी म्हणायचं बघा म्हातारा सुधारला... हे माझ्याने झालं नसतं. मला ते फुकटात सुटल्यासारखं वाटलं असतं.

मग गेल्या आठवड्यात सुमन आली. "बाबा, आज आमच्याकडं माता हाय. बायचं मोठं पातेलं द्या. चणे मी करीन, पण माझ्याकडं एवढं भांडं नाय." मी पातेलं काढलं. तिच्या हातात द्यायला गेलो आणि हात सुटेना. म्हटलं, "मी आणतो. हरवाल तुमी." ती म्हणाली, "पातेलं कसं हरवंल बाबा?" मी म्हटलं, "मी आणतो म्हटलं ना." ती बरं म्हणाली. रिक्षात पातेलं मांडीवर घेऊन मी बेटेगावला गेलो. पातेलं ठेवून लगेच परत यायचं ठरवूनच गेलो होतो. खोली एवढीशी, कोपऱ्यात पाट, त्यावर धुतलेलं लुगडं पसरून काचेची पेटी ठेवलेली, झेंडूची दोन फुलं. माणसं भिंतीपासून भिंतीपर्यंत, बाकीची दाराबाहेर. खुर्ची नव्हती. पातेलं चुलीशी ठेवून मी वळलो तर दारात एवढी माणसं बसली होती की बाहेर पडायला जागा नव्हती. सुमनच्या सासूने आपलं आसन सरकवून जमिनीवर हात थोपटला. बसलो.

रोजरी सुरू झाली. पाच भाग असतात, प्रत्येकात दहा मणी, प्रत्येक भाग एकजण चालवतो. तो अर्धी प्रार्थना म्हणतो, उरलेली अर्धी बाकीचे उत्तर म्हणून देतात. पहिला भाग लीलाम्माने मल्याळममध्ये घेतला, दुसरा झारखंडच्या एका वेल्डरने हिंदीत. मी ओठ मिटून बसलो होतो. दुसरा संपला आणि खोली गप्प झाली. मला वाटलं कोणी विसरलं. कोणी कोणाकडे बघेना, सगळ्यांच्या नजरा मण्यांवर. सुमन माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "बाबा, तिसरा बायचा. आमी कालपरवा तसाच सोडला. तुमी घेता का?"

माझ्याकडे माळ नव्हती. बोटांवर मोजत मी सुरू केलं, "नमो मरिये..." मराठीत, मला दुसरी येत नाही. माझी अर्धी प्रार्थना मी म्हटली आणि उरलेली अर्धी सवयीप्रमाणे मीच म्हणायला तोंड उघडलं... तर ती खोलीतून आली. मराठीत. केरळच्या, तमिळ, झारखंडच्या, डोंगरावरच्या तोंडांतून, आमच्या गावच्या मराठीत. दारातून, बाहेरच्या पडवीतून. तिने शिकवलेली. इतके ऑक्टोबर ती माणसं माझ्या भाषेत प्रार्थना करत होती आणि मी घरी त्या भाषेसाठी रुसून बसलो होतो.

आणखी एक होतं, त्यांच्या उत्तरात. "आम्हा पाप्यांसाठी आता..." इथपर्यंत आले की सगळे थांबायचे. एक दम घ्यायचे. मग "आणि आमच्या मरणाच्या वेळी" असं पुढचं. आमच्या गावात तिथे कोणी थांबत नाही, ती ओळ एका दमात जाते. माझी दुसरी प्रार्थना मी आमच्या वेगाने सुरू केली आणि ती त्यांच्या उत्तरावर जाऊन आपटली, कारण ते अजून मधे थांबलेले होते. सुमनच्या सासूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं ते थांबणं कोणाचं आहे. जिने चढून, पातेलं उचलून, दर संध्याकाळी त्या ओळीच्या मधोमध तिचा श्वास संपत होता. या माणसांना वाटलं, मराठीत ही प्रार्थना अशीच म्हणतात, इथे थांबायचं असतं. डॉक्टरने मला विचारलं होतं, घरी काही जाणवलं नाही का.

तिसऱ्या मण्याला मी माझं अर्धं म्हटलं आणि गप्प राहिलो. ते "आता" म्हणाले आणि थांबले. त्या खोलीत सगळ्यांनी मिळून तिचा दम घेतला. मीही घेतला. मग ते पुढचं म्हणाले, आणि ते पूर्ण होईपर्यंत मी चौथं बोट दुमडलं नाही.